सातबाऱ्यावरचं अ.पा.क. आणि कोर्टातलं पालकत्व

आईवडील गेले की जमिनीला वारस नोंद होते. सातबाऱ्यावर मुलांची नावं चढतात. मुलं अठराच्या आतली असली की नावापुढे तीन अक्षरं येतात, अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि त्यापुढे आजोबांचं किंवा चुलत्याचं नाव. घरातल्या सगळ्यांना वाटतं, झालं, सरकारनेच आजोबांना पालक केलं. पुढचे बहुतेक घोळ इथून सुरू होतात. ही नोंद महसूल खात्याच्या सोयीसाठी असते. नोटीस कुणाच्या हाती द्यायची, मुलाच्या वतीने कोण बोलणार, एवढंच तिच्यातून कळतं. त्या तीन अक्षरांच्या जोरावर आजोबांना नातवाची गुंठाभर जमीनही विकता येत नाही.

यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. शाळेच्या डायरीत पालकांची सही, बाल कल्याण समितीच्या आदेशात पालक, बँकेच्या फॉर्मवर पालक, कोर्टाच्या हुकमात पालक. शब्द एकच, पण प्रत्येक टेबलावर त्याचा अर्थ निराळा. शाळेला रोज डबा देणारी, ताप आला तर रात्री दवाखान्यात नेणारी आजी पुरते. बँकेला पुरत नाही. आजीला वाटतं की बँकेतला माणूस अडवणूक करतोय. तो कायद्याचं बोलत असतो, फक्त पुढे काय करायचं ते सांगत नाही. ते इथे सांगतो.

आधी यादी कुठे संपते ते पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. ‘नंतर’ म्हणजे वडील वारल्यावरच, असं नाही. वडील जवळ नसतील, मुलाकडे बघतच नसतील तरी आई पालक असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केलं. यादी इथेच संपते. आजी, आजोबा, मामा, मावशी, काका, आत्या, मोठी बहीण, सावत्र आई, सावत्र वडील यांपैकी कुणीही नैसर्गिक पालक नाही. मूल जन्मापासून आजीच्या कुशीत वाढलेलं असलं तरी नाही. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वडिलांनंतर मालमत्तेपुरतं वडिलांच्या वडिलांना स्थान आहे. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाकडेच जावं लागतं. गोव्यातला नागरी कायदा वेगळा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी मालमत्तेचा भाग तिथल्याच वकिलाकडून समजून घ्यावा.

१९५६ च्याच कायद्यात कलम ११ आहे. मूल माझ्याकडे आहे, मीच त्याचं सगळं करतो, एवढ्या कारणावरून कुणालाही हिंदू अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही, असं ते बजावतं. सांभाळणाऱ्या नातेवाइकाने केलेली विक्री मुळातच रद्दबातल ठरते. बहिणीने पालक म्हणून केलेल्या विक्रीबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे. खऱ्या आईने किंवा कोर्टाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत दावा लावून तो व्यवहार मोडून घेऊ शकतं. मामाने किंवा काकाने नुसत्या सांभाळण्याच्या आधारावर विकलं तर त्या खरेदीखताला पहिल्या दिवसापासून पाया नसतो. म्हणून जाणता खरेदीदार अ.पा.क. दिसलं की आधी कोर्टाचा कागद मागतो, आणि न मागणारा स्वस्तात घेऊन पुढे सगळ्यांना कोर्टात ओढतो.

मग लोक नोटरीकडे जातात. स्टॅम्प पेपरवर ‘पालकत्व करारनामा’ होतो. आजोबा लिहून देतात, मामा लिहून घेतो, दोन साक्षीदार, लाल शिक्का. या कागदाने पालकत्व मिळत नाही. मूल म्हणजे करार करून हस्तांतरित करायची वस्तू नव्हे. मूल कुणाजवळ राहतंय याचा एक पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो, शाळेतही कधी चालून जातो. पण त्यावर विसंबून वर्ष काढलं तर ते वर्ष वाया जातं.

म्हणून कोणत्याही कचेरीची पायरी चढण्याआधी घरात बसून एक प्रश्न सोडवा: आपल्याला नक्की हवंय काय? दर महिन्याचा खर्च भागत नाही, म्हणून मदत हवी आहे का? मुलाच्या नावावर जमीन, विमा, भरपाई आहे आणि ती हाताळायची आहे का? मुलावर दुसरं कुणी हक्क सांगतंय का? की मूल कायमचं आपलं म्हणून वाढवायचं आहे? या चार प्रश्नांना तीन वेगळी दारं आहेत. चुकीच्या दारात उभं राहिलं की साहेब बदलतात, तारखा पडतात आणि शेवटी ऐकू येतं, “आजी, हे आमच्याकडे होत नाही.”

महिन्याचा खर्च हा प्रश्न असेल तर कोर्टात जाऊ नका. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना जुनी आहे, आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकपालक, आईवडील दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले किंवा तुरुंगात असलेले, अशा अठरा वर्षांखालच्या मुलांना घरातच, नातेवाइकांकडे राहून मदत मिळावी हा तिचा हेतू. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, २०२१ मध्ये १,१०० झाले आणि २०२३ मध्ये २,२५०. दुसरी योजना केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची. तिच्यात महिन्याला ४,००० रुपये आहेत, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कडक आहे: ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. एका मुलाला दोन्हींचा लाभ एकदम मिळत नाही. म्हणून आधी उत्पन्नाचा दाखला हातात घ्या, मग कोणती योजना धरायची ते ठरवा.

कागद साधे आहेत. दोघांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुकाची प्रत, घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. अर्ज झाला की गृहचौकशी होते. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन मूल खरंच तिथे राहतं का, नीट राहतं का ते बघतो. मग फाइल बाल कल्याण समितीपुढे जाते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. फी नाही, वकील लागत नाही. मुलाला सोबत न्यावं लागतं, तेव्हा शाळेच्या परीक्षेचा दिवस टाळून जा.

अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’, शाळेत तिसरंच. खातं आधारशी जोडलेलं नाही, म्हणून मंजूर झालेले पैसे परत जातात. एका वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि नवा दाखला न दिल्याने अनुदान थांबतं, घरच्यांना वाटतं योजनाच बंद झाली. मूल मामाच्या गावी दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तर जुन्या जिल्ह्यातली फाइल आपोआप पाठोपाठ जात नाही, लेखी अर्ज करून पाठवावी लागते. नावातला फरक असेल तर तो अर्जाच्या आधी मिटवा. नंतर प्रत्येक टेबलावर तोच फरक पुन्हा पुन्हा आडवा येतो, अगदी अनाथ प्रमाणपत्रापर्यंत. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही हे प्रमाणपत्र मिळतं, आणि शिक्षण व नोकरीतल्या अनाथांच्या १ टक्का आरक्षणासाठी ते लागतं. मूल अठराचं व्हायच्या आधीच ते मागून ठेवलेलं बरं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये पालकाची व्याख्या रुंद आहे. मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे आणि ज्याला समिती आपल्यापुढच्या कामात पालक म्हणून मान्य करते, तोही पालक. त्यामुळे समितीच्या आदेशात आजीचं नाव पालक म्हणून येऊ शकतं. हा आदेश मोलाचा आहे, योजना, शाळा, वसतिगृह यांसाठी उपयोगी पडतो, जपून ठेवा. पण ही मान्यता त्या कायद्याच्या कामापुरती असते. मुलाच्या जमिनीवर किंवा ठेवीवर तिचा हात पोचत नाही.

याच कायद्यात प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर आहे, कलम ४४. आईवडील नसलेल्या किंवा सांभाळू न शकणाऱ्या मुलाला समिती ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवते. ते कुटुंब आधी तपासलं जातं, नंतर त्यावर देखरेख राहते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं, आणि आईवडिलांना त्यांच्या अपात्रतेमुळे बाजूला केलं असेल तरी मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर भेटू द्यायचं, हे कायद्यातच आहे. आजी, मामा यांच्या बाबतीत हा मार्ग क्वचित लागतो. मूल आधीच घरात असतं, आणि प्रायोजकत्वाने तेवढीच रक्कम देखरेखीचा एवढा व्याप न होता मिळते. मात्र मूल बालगृहात पोचलेलं असेल आणि दूरची मावशी पुढे येत असेल तर प्रतिपालकत्व किंवा ‘योग्य व्यक्ती’ म्हणून ताबा, हे दोन्ही मार्ग समितीला खुले आहेत. मावशीने तोंडी विनवण्या करत बसू नये, लेखी अर्ज द्यावा आणि नात्याचा पुरावा जोडावा.

आता कोर्टाचं दार. मालमत्ता असेल किंवा मुलावरून वाद असेल तर हेच. १८९० चा कायदा जुना असला तरी काम आजही त्यावरच चालतं. अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या न्यायालयात करायचा. फक्त मालमत्तेचा प्रश्न असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथेही चालतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे मुलाच्या व्यक्तीचं पालकत्व आणि ताबा यांचे अर्ज तिथे जातात. मालमत्तेच्या पालकत्वासाठी जिल्हा न्यायालय. इथेच एक चूक पुन्हा पुन्हा होते. अर्जात नुसतं ‘पालक नेमावे’ असं लिहितात आणि हुकूम निघतो व्यक्तीच्या पालकत्वाचा. तो घेऊन बँकेत गेलं की बँक म्हणते, यात मालमत्तेचा उल्लेख नाही. मग सगळं पुन्हा. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की व्यक्तीचं पालकत्व हवंय, मालमत्तेचं हवंय की दोन्ही. आणि मालमत्ता तपशिलाने मांडा: गट क्रमांक, क्षेत्र, मुलाचा हिस्सा, ठेवीचा पावती क्रमांक, पॉलिसी क्रमांक, प्रत्येकाची अंदाजे किंमत.

कलम १० ने अर्जात काय हवं ते एकेक करून सांगितलं आहे. मुलाचं नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण. मूल सध्या कुणाजवळ आहे. मृत्युपत्राने कुणी पालक नेमला आहे का. याआधी कुठल्या कोर्टात अर्ज झाला होता का, आणि त्याचं काय झालं. अर्ज करण्याचं कारण. होऊ घातलेल्या पालकाची पात्रता. आणि मुलाचे जवळचे नातेवाईक कोण, ते कुठे राहतात. हा शेवटचा मुद्दा लोक गाळतात. आजोळचे अर्ज करताना वडिलांकडच्यांची नावं मुद्दाम टाकत नाहीत, म्हणजे त्यांना नोटीस जाणार नाही आणि काम लवकर होईल. उलटं होतं. सहा महिन्यांनी चुलते कोर्टात येतात, आमच्यापासून लपवलं म्हणतात, आणि ज्याची बाजू खरी होती त्याच्यावरचाच न्यायाधीशांचा विश्वास डळमळतो. सगळी नावं लिहा, भांडण असलेल्यांची आधी लिहा. ज्यांची हरकत नाही त्यांची ना-हरकत शपथपत्रं जोडा, त्याने खरंच वेळ वाचतो.

अर्जासोबत होऊ घातलेल्या पालकाचं इच्छापत्र लागतं, म्हणजे मी पालक व्हायला तयार आहे असं सहीचं निवेदन, आणि त्यावर किमान दोन साक्षीदार. हे कलम १० मध्येच आहे, तरी कित्येक अर्ज याच कागदावाचून पहिल्या तारखेला अडकतात. पुढे कोर्ट तारीख नेमतं, नोटिसा काढतं. नोटीस कोर्टाच्या इमारतीवर आणि मुलाच्या घरावर चिकटवली जाते. हयात असलेल्या आईला किंवा वडिलांना नोटीस जातेच, ते तुरुंगात असले तरी तुरुंगाच्या पत्त्यावर. मुलीचा संशयास्पद मृत्यू झाला, जावई आत आहे आणि नात आजोळी आहे, अशा घरांना ही नोटीस जिव्हारी लागते. पण ती टाळून मिळवलेला हुकूम टिकत नाही.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्री आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जदार आजी, मावशी किंवा आत्या असेल तर ती थेट पात्र आहे. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका समितीचं कार्यालय असतं. तिथे साधा अर्ज द्यायचा, आधार आणि मृत्यूचे दाखले दाखवायचे.

कोर्ट कशाकडे बघतं? कलम १७ मध्ये यादी आहे: मुलाचं वय, लिंग, धर्म, अर्जदाराचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, वारलेल्या आईवडिलांची इच्छा, अर्जदाराचे मुलाशी आणि त्याच्या मालमत्तेशी आजवरचे संबंध. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही. या सगळ्यावर मुलाचं हित. आजी-आजोबांच्या मनात एकच भीती असते, आपलं वय. त्यांच्यासाठी जून २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आईवडील गेलेला अहमदाबादचा लहान मुलगा होता. गुजरात उच्च न्यायालयाने त्याचा ताबा मावशीला दिला होता, कारण ती ४६ वर्षांची, अविवाहित, केंद्र सरकारच्या नोकरीत आणि मोठ्या एकत्र कुटुंबात राहणारी, तर आजोबा ७१ आणि आजी ६३ वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने ताबा आजी-आजोबांना दिला. उत्पन्न, वय आणि मोठं कुटुंब एवढ्याच मापाने हे ठरवता येणार नाही, असं म्हटलं. म्हणून वयाला घाबरून अर्ज लांबवू नका. मात्र वयाचं उत्तर अर्जातच द्या. कायदा संयुक्त पालक नेमू देतो, आणि त्यांतला एक गेला तर कलम ३८ प्रमाणे पालकत्व हयात असलेल्याकडे चालू राहतं. एकट्या आजोबांऐवजी आजी आणि मामा, किंवा आजोबा आणि आत्या असा संयुक्त अर्ज केला तर पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून कोर्ट करावं लागत नाही. ही तरतूद फार कमी लोक वापरतात, याचं वाईट वाटतं.

आई किंवा वडील हयात असतील तर गणित बदलतं. हयात असलेला पालक अयोग्य आहे असं कोर्टाला वाटल्याशिवाय कलम १९ त्याच्या जागी व्यक्तीचा दुसरा पालक नेमू देत नाही. पूर्वी त्यात फक्त वडील होते, २०१० च्या दुरुस्तीने आईही आली. विधवा सुनेने दुसरं लग्न केलं म्हणून तिचं पालकत्व जात नाही, गावात काहीही म्हणोत. ती आपणहून मूल सासू-सासऱ्यांकडे ठेवायला तयार असेल तर तिची लेखी संमती घ्या आणि मुलाला भेटण्याचे तिचे दिवसही त्याच कागदात लिहा. कडवटपणा तिथेच कमी होतो.

वडील मुलाला परत मागतात तेव्हा निकाल दोन्ही दिशांना गेलेले आहेत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात आई कर्करोगाने गेली होती आणि मूल मावशी-मामांकडे होतं. सर्वोच्च न्यायालयाने ताबा वडिलांना दिला, आजोळच्यांना भेटीचा हक्क ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या अडीच वर्षांच्या मुलीबाबत उलट झालं. आईच्या मृत्यूनंतर ती मावश्यांकडे होती, उच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसवर, म्हणजे बेकायदा ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे आणायच्या याचिकेवर, तिला वडिलांकडे द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मूल म्हणजे जंगम वस्तू नव्हे, एवढ्या लहान मुलीला उचलून दुसरीकडे दिल्याने तिच्यावर काय होईल याचा विचार झाला पाहिजे, आणि असा वाद पालकत्वाच्या कोर्टात पुरावा घेऊन ठरावा, असं सांगितलं. दोन्हींतून नातेवाइकांनी घ्यायचं ते एकच: मूल तुमच्याकडे आहे म्हणून स्वस्थ बसू नका. १८९० च्या कायद्याखाली स्वतःचा अर्ज वेळेत दाखल करा, कलम १२ खाली अंतरिम संरक्षण मागा, आणि समोरच्याची भेट अडवू नका. भेट अडवल्याची नोंद पुढे तुमच्याच विरुद्ध वाचली जाते.

आणि मुलाला पढवू नका. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, जवळ बसवतात, शाळेचं, मित्रांचं विचारतात, मग हळूच, तुला कुणाजवळ राहायचंय? पढवलेलं मूल न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतं. “बाबा वाईट आहेत” हे वाक्य सहा वर्षांच्या तोंडात कुणी घातलं हे ओळखायला त्यांना फार वेळ लागत नाही.

हुकूम मिळाल्यावरची जबाबदारी लोकांना कुणी समजावून सांगत नाही. पालक म्हणजे मालक नव्हे. कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाची स्थावर मालमत्ता विकता, गहाण टाकता, बक्षीस देता, अदलाबदल करता येत नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त किंवा मूल सज्ञान झाल्यावर एक वर्षाच्या पुढे जाईल असा भाडेपट्टाही देता येत नाही. परवानगी मिळते ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तेव्हाच. ‘शिक्षणासाठी’ एवढं मोघम लिहून भागत नाही. प्रवेशपत्र, फीची पावती, जमिनीचं मूल्यांकन आणि विक्रीचे पैसे कुठे ठेवणार, हे सगळं जोडा. कोर्टाने सांगितलं असेल तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी दाखल करायची आणि ठरलेल्या वेळी हिशेब द्यायचा. मुलाला न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहायला न्यायचं असेल तरी व्यक्तीच्या पालकाला परवानगी लागते. मामाची बदली सुरतेला झाली आणि भाचा सोबत गेला, एवढ्यावरूनही पालकत्व रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो.

पैशांचं थोडं सविस्तर, कारण नाती इथेच तुटतात. मुलाचं खातं वेगळं ठेवा, त्यात घरचा एक रुपयाही मिसळू नका, आणि मोठ्या खर्चाच्या पावत्या एका फायलीत लावा. बँकेतल्या ठेवीवर आजीचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर ती रक्कम आजीच्या हातात येते, पण तिची होत नाही, वारसांची राहते. इथे आणखी एक गुंता आहे. हिंदू वारसा कायद्यात मयत मुलाची आई ही वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस असते, वडील नसतात. सून आधी गेली, मग मुलगा गेला, दोन नातवंडं आणि आजी मागे राहिली तर मुलाच्या स्वतःच्या मालमत्तेत तिघांचा सारखा वाटा, प्रत्येकी एक तृतीयांश. म्हणजे जी आजी पालक होऊ पाहते तिचाच त्या मालमत्तेत हिस्सा असतो. हे लपवू नका, अर्जात पहिल्यांदाच मांडा. सामाईक जमिनीत हिस्सेदार असलेला चुलता मालमत्तेचा पालक होऊ मागतो तेव्हा तर कोर्टाने दोनदा विचार करावा असंच प्रकरण असतं. अशा वेळी ज्याचा जमिनीशी काही संबंध नाही अशी मावशी किंवा आत्या पुढे आली तर मुलाचं भलं होतं.

काही पैसे पालकत्वाच्या हुकमाची वाट न बघता मागावे लागतात. रस्ता अपघातात आईवडील गेले असतील तर मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. हा दावा मुलातर्फे वादमित्र, म्हणजे अज्ञान मुलाच्या वतीने दावा चालवणारा म्हणून आजोबा किंवा मामा लगेच दाखल करू शकतात. मुलाच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून ठेवायला सांगतं, आणि मधेच मोडायची तर त्याच न्यायाधिकरणाची परवानगी लागते. वडील कारखान्यात कामाला होते, भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, तर कर्मचारी पेन्शन योजनेत अनाथ मुलांचं वेगळं पेन्शन आहे: विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या पंचविशीपर्यंत. हे कित्येक घरांना माहीतच नसतं, कारण निधीची रक्कम एकदा मिळाली की फाइल मिटली असं सगळे धरून चालतात. विम्याच्या पॉलिसीत नॉमिनी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्याचं नाव बहुधा लिहिलेलं असतं. आधी पॉलिसीचा कागद बघा, मग कोर्टाचा विचार करा.

दत्तकाचं दार मी शेवटी ठेवलं, कारण दुःखाच्या भरात लोक आधी तिकडेच धावतात. बाल न्याय कायद्यात नातेवाइकाने नातेवाइकाचं मूल दत्तक घेण्याची सोय आहे, धर्म कोणताही असो. पण तिथे नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी, दोन्हीकडचे आजी-आजोबा, बस. मोठा भाऊ किंवा बहीण त्यात येत नाही. एकोणीस वर्षांची बहीण धाकट्याची पालक होऊ शकते, या कायद्याखाली त्याला दत्तक घेऊ शकत नाही. नोंदणी कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, कागद जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. हिंदू कुटुंबात १९५६ च्या दत्तक कायद्याचा नोंदणीकृत दत्तकपत्राचा मार्गही आहे, मूल पंधरा वर्षांखालचं असेल तर. पण आईवडील दोघंही हयात नसताना पालकाला मूल दत्तक द्यायचं असेल, अगदी स्वतःला घ्यायचं असेल तरी, आधी कोर्टाची परवानगी हवी. ती न घेता घाईने नोंदवलेली दत्तकपत्रं पुढे वारसाहक्काच्या दाव्यात उडतात. आणि ओळखीच्या, नात्यात नसलेल्या जोडप्याला मूल ‘देऊन टाकणं’ हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही.

माझं मत विचाराल तर आजीने नातवाला दत्तक घेऊ नये. दत्तकाने मूल कायद्याने दुसऱ्याच्या पोटचं होतं, गेलेल्या आईवडिलांशी त्याचं नातं कागदावरून पुसलं जातं. ज्या मुलाने आधीच इतकं गमावलंय त्याच्याकडून तेवढं तरी काढून घेऊ नये. मूल तान्हं असेल आणि निपुत्रिक मावशी-काका त्याला वाढवणार असतील तर दत्तक योग्यच. शाळकरी मुलासाठी बहुतेक वेळा पालकत्व पुरतं.

हे वाचणारे तरुण आईवडील असतील तर एक काम आज करण्यासारखं आहे. मृत्युपत्रात पालकाचं नाव लिहा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे हिंदू आईवडिलांना तो अधिकार आहे. एक गेला तर दुसरा पालक असतोच, दोघंही गेले तर ते नाव कामाला येतं. दोघांनी आपापल्या मृत्युपत्रात एकच नाव लिहिलं, त्या माणसाला आधी विचारून लिहिलं आणि दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या की पुरे. आजोबांनी मात्र स्वतःच्या मृत्युपत्रात नातवाचा पालक नेमून उपयोग नाही, त्यांना तो अधिकार नाही.

मूल अठरा वर्षांचं झालं की पालकत्व संपतं. कोर्टाने पालक नेमला असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत अज्ञान, हा जुना नियम १९९९ मध्ये गेला, तरी काही ठिकाणी अजून सांगितला जातो. त्या वाढदिवसाच्या आधीच हिशेब लिहून ठेवा, ठेवीच्या पावत्या, पासबुकं, पॉलिसी त्याच्या हातात द्या आणि मिळाल्याची सही घ्या. बँकेत नवी स्वाक्षरी आणि केवायसी करून घ्या. आणि महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीत ‘अपाक शेरा कमी करणे’ हा वेगळा अर्ज आहे, तो जन्माच्या पुराव्यासह भरा. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर मुलाचं किंवा मुलीचं नुसतं नाव राहतं, पुढे कुणाचंही नाव न लागता.